इंजिनाची अमावस्या

काकाजींच्या डोक्याविषयी पुढे जे काही बोललं गेलं, त्याची सुरुवात माझ्या तोंडून झाली. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत घरातही उच्चारलं नव्हतं. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी हे लिहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कौतुक म्हणजे एखाद्याचं घर बळकावून त्याच्याच ओसरीवर बसून त्याची स्तुती करण्यासारखं होईल.

आता त्यांच्या हाताविषयी सांगतो. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या फाट्याला त्यांचा पेट्रोल पंप होता. मोटारसायकल येऊन उभी राहिली आणि टाकीचं झाकण उघडलं, की काकाजी खुर्चीतून उठत, धोतराचा सोगा सावरत सावकाश येत आणि टाकीच्या तोंडावर आपला उजवा तळहात ठेवत. भरणारा माणूस नळी धरून थांबलेला असे. काकाजी विचारत, "कोठे चालना भाऊ? एकलाच चालना का?"

"हा काकाजी, एकलाच."

"मंग मांगे कोन बठेल शे? वारा?"

गिऱ्हाईक हसे, किंवा चिडे, किंवा घड्याळाकडे पाही. काकाजींचा हात मात्र जागचा हलत नसे. जवळच्या लिंबाखाली बसलेल्यांपैकी कोणीतरी उठून मागच्या सीटवर बसल्यावरच तो तळहात टाकीवरून निघे आणि बसणाऱ्याच्या पाठीवर पडे.

तुम्ही पेट्रोल पंप पुष्कळ पाहिले असतील. गिऱ्हाइकाला कमी तेल घ्यायला सांगणारा पंपमालक पाहिला नसेल. मी पाहिला, आणि त्याच्याच पंपावर मॅनेजर म्हणून नोकरीही केली. अमळनेरच्या कॉलेजातून बी. कॉम. झालो होतो, बरीच वर्षं इकडेतिकडे हिशेबनिशी केली होती, आणि काकाजींनी मला बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता स्थिर झालो. ते मला 'मॅनेजरसाहेब' म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला कधी कळलं नाही.

त्यांचे आजोबा राजस्थानातून कापसाच्या व्यापारासाठी आले आणि खानदेशचेच झाले. घरात मारवाडी, माझ्याशी शुद्ध मराठी आणि गिऱ्हाइकांशी अहिराणी, अशा तीन भाषा ते तीन चष्म्यांसारख्या वापरत. पत्नी जाऊन काळ लोटला होता. थोरला मुलगा सुरतेला कापडाच्या व्यापारात होता. काकाजी पंपामागच्या दोन खोल्यांत राहत, स्वतःचा चहा स्वतः करत, आणि त्यांच्याकडे स्वतःची एकही गाडी नव्हती. जळगावला जायचं झालं की फाट्यावर एस.टी.ला हात करत. "आचारी आपल्याच लग्नात जेवत नाही, मॅनेजरसाहेब," असं काहीतरी सांगून हसत.

लिंबाखाली त्यांनी दोन सिमेंटचे बाक टाकून घेतले होते. एकाचं तोंड जळगावकडे, दुसऱ्याचं धुळ्याकडे. ज्याला ज्या दिशेला जायचं त्यानं त्या बाकावर बसायचं, आणि त्या दिशेला एकटा जाणारा जो कोणी पेट्रोल भरायला येईल, त्यानं एकाला तरी न्यायचं. याला नियम म्हणत नसत. नियम म्हटलं असतं तर लोकांनी तो मोडला असता. काकाजी नुसता तळहात ठेवत. हळूहळू लोकच बाकाकडे पाहून हॉर्न द्यायला लागले. धुळ्याच्या बाकावर बसून, ऐन वेळी जळगावची गाडी आली म्हणून बाक बदलणारे महाभागही होते, त्यांना काकाजी विचारत, "भाऊ, तुले जावानं कोठे शे, का फक्त बसाले आवडस?"

एक प्रसंग इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तो मी फार वाईट कामाला वापरला. आमच्या शाळेतले एक शिक्षक होते, बोलण्यात गुळगुळीत. एके सकाळी काकाजींनी टाकीवर हात ठेवून विचारलं, "कोठे चालना गुरुजी? एकलाच?" गुरुजी म्हणाले, "काकाजी, आज नेमकं शाळेचं सामान आणायचं आहे, मागे जागा लागेल." काकाजींनी मान डोलावली आणि अगदी पहिल्यांदाच विचारत असल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "कोठे चालना गुरुजी? एकलाच?"

"आत्ताच तर सांगितलं."

"ते पहिल्या खेपेचं उत्तर. ते सगळ्यांकडे तयार असतं. दुसऱ्या खेपेचं सांगा."

गुरुजी लाजले आणि बाकावरच्या एका म्हाताऱ्याला घेऊन गेले. सामान कसलं नव्हतंच. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो होतो, असं आठवतं.

हे त्यांना कशासाठी सुचलं, असं मी एकदा विचारलं होतं. दुपारची वेळ होती, रस्ता तापून पांढरा दिसत होता. ते म्हणाले, "माझ्या वडिलांकडे रॉकेलचं दुकान होतं. टंचाईच्या दिवसांत पुढच्या दारात रांग असायची आणि मागच्या दारानं ओळखीच्यांचे डबे भरले जायचे. ते डबे मी भरत होतो, मॅनेजरसाहेब. दुपारी वडील पुढे येऊन रांगेला सांगायचे, संपलं. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. ती भांडली नाही. तिनं रिकामी बाटली पदराखाली घेतली, आपलाच काही गुन्हा असल्यासारखी." मग म्हणाले, "टंचाई आली की दुकानदार देव होतो. मला देव व्हायचं नाही. तेल कधीतरी कमी पडणार. माझ्या आयुष्यात नाही तर तुमच्या. त्या दिवशी गावाला त्याच्याशिवाय कसं वागायचं ते आधीच ठाऊक असलं, तर कोणाला मागच्या दारानं यावं लागणार नाही."

यातूनच अमावस्या निघाली.

आमच्याकडे अमावस्येला बैल जुंपत नाहीत. जोड्या कमी झाल्या आहेत, पण ज्यांच्याकडे आहेत ते अजूनही पाळतात. एकदा गावातले नाना, ज्यांची बैलजोडी गावात सर्वांत देखणी होती, अमावस्येच्या दिवशी मोटारसायकल घेऊन पंपावर आले. काकाजींनी टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाना, आज बैलले सुट्टी शे ना?"

"शे ना, काकाजी."

"मंग इंजिननं काय वाईट करं तुमनं?"

नाना विचारात पडले. काकाजींनी ती संधी सोडली नाही. गावच्या सभेत त्यांनी एवढंच मागितलं, की दर अमावस्येला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गावानं डिझेल-पेट्रोल वापरायचं नाही. पंप त्या दिवशी बंद राहील; फक्त रुग्णवाहिकेला आणि पाण्याच्या टँकरला मिळेल. त्या दिवशी काय काय अडतं ते पाहायचं आणि पुढच्या अमावस्येपर्यंत त्यावर उपाय काढायचा. "सराव" हा त्यांचा शब्द होता. "आपण उपास करत नाही, भाऊ. उपास पुण्यासाठी असतो. हा सराव शे."

सभेत त्यांनी स्वयंपाकाचा गॅसही त्यात धरला होता. चुलीवर करा, म्हणाले. मागून एक अक्का उभी राहिली आणि शांतपणे तिनं विचारलं, "धूर कोना नाकमा जाई, काकाजी? तुमना का आमना?" काकाजींनी हात जोडले आणि गॅस तिथल्या तिथे वगळला. पुढे त्यांनी त्याच अक्काला पुढे करून चार घरांच्या डाळी एकाच मोठ्या कुकरमध्ये शिजवण्याची पद्धत सुरू केली. तिला ते 'आमची गॅस मंत्री' म्हणत. ती उलट पगार कधी देणार ते विचारे, "पगार कवय देशात?"

पहिली अमावस्या फसली. दूध वेळेवर केंद्रावर पोहोचलं नाही आणि अर्ध्या गावानं बासुंदी केली. दुसऱ्या अमावस्येला सायकली ठरल्या: एकानं पुलापर्यंत न्यायचं, तिथून दुसऱ्यानं. मोडक्या बैलगाड्यांची चाकं दुरुस्त झाली. ज्यांनी जोडी विकायची ठरवली होती त्यांना काकाजींनी पोळ्याला सरकीच्या ढेपीची पोती भेट दिली, आणि त्या भेटीमागची विनंती त्यांना कळली. शेतातली फवारणी, खताची वाहतूक अमावस्येच्या आदल्या-पुढल्या दिवशी चार शेजाऱ्यांनी एकाच ट्रॅक्टरवर उरकायला सुरुवात केली, आणि मग लक्षात आलं, की हे इतर दिवशीही करता येतं. तिथून खरा फरक पडायला लागला. केळीचा माल जळगावला नेताना अर्धा रिकामा ट्रक जाणं गावात कमीपणाचं ठरलं.

एका अमावस्येला एका पुढाऱ्याची गाडी आली. पंपाला साखळी लावलेली पाहून काच खाली झाली.

"मला ओळखलं नाही का?"

"ओळखलं ना साहेब," काकाजी म्हणाले. "मागच्या वेळी मत मागायला तुम्ही आमच्या गल्लीत पायी आला होता. फार बरं वाटलं होतं."

पुढारी एस.टी.नं गेले. बसमध्ये चढताना त्यांनी फोटो काढून घेतला. काकाजी म्हणाले, "जाऊ द्या, खोटं का होईना, बसमध्ये बसले."

हे सगळं मी पाहत होतो आणि मनातल्या मनात कुढत होतो. तुमच्यापासून काय लपवायचं. मला त्यांच्या कामाचा अभिमान वाटत नव्हता. मला लाज वाटत होती. बाकीच्या पंपांवरचे मॅनेजर भेटले की विचारत, "तुमचा शेठ अजून गिऱ्हाईक हाकलतोय का?" कंपनीचा अधिकारी आला की माझ्याकडे वळून बोले, काकाजींकडे पाहतही नसे. पंप मध्येच बंद ठेवता येत नाही, परवाना जाऊ शकतो, असं त्यानं मला बजावलं. हे काकाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी." मला त्यांच्या बोलण्याची भीती वाटली. परवाना गेला तर त्यांच्या दोन खोल्या राहतील, चहा राहील, लिंब राहील. माझं काय राहील? माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला जायचा होता.

दिवाळीला त्यांचा थोरला मुलगा सुरतेहून आला. साधा, प्रेमळ माणूस. वडिलांना 'बाबूजी' म्हणताना त्याचा आवाज अजूनही लहान मुलासारखा होई. काकाजी गावात फराळाला गेले होते. तो माझ्या केबिनमध्ये बसला आणि म्हणाला, "मॅनेजरसाहेब, विक्री का उतरली?"

मला खरं सांगता आलं असतं. तुमचे वडील गावाला कमी तेलात जगायला शिकवत आहेत, कंपनी रागावली आहे, तुम्ही दोघं बसून ठरवा. एवढंच सांगायचं होतं. पण बाप-लेक बसले असते तर काकाजींनी मुलालाही पटवलं असतं. त्यांचा तळहात मी ओळखत होतो.

मी आवाज उतरवून म्हणालो, "भाऊ, सांगू नये, पण काकाजींना हल्ली आठवत नाही. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. परवा शाळेतल्या गुरुजींना विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, लगेच पुन्हा तेच विचारलं. गुरुजींनाच विचारा हवं तर."

त्यानं खरंच गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, हो, दोनदा विचारलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते खोटं इतकं पक्कं बसलं.

मुलगा केबिनमध्ये परत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "त्यांना इथे एकटं ठेवलं ही माझी चूक झाली," तो म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. एका मुलाचं आपल्या बापावरचं प्रेम मी माझ्या सोयीसाठी वापरलं आणि वर त्याला पाण्याचा पेला पुढे केला. हे मला पुष्कळदा आठवतं. पेला स्टीलचा होता, बाहेरून ओला.

त्यानं जळगावात फ्लॅट घेतला, बायको-मुलांना तिथे आणलं आणि काकाजींना न्यायला गाडी घेऊन आला. ते विरोध करतील असं मला वाटलं होतं. नातवंडांबरोबर राहायला मिळणार म्हणून ते खुशीत निघाले. गाडीत बसले, मागे वळून पाहिलं आणि मुलाला म्हणाले, "दोन जागा रिकाम्या आहेत. जळगावला कोणाला यायचंय का, बाकावर विचार ना."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. पाहिलंत ना, असं ती नजर म्हणत होती. मी मान हलवली. गाडी दोन रिकाम्या जागांसह गेली.

पुढच्या अमावस्येला मी पंप उघडा ठेवला. कोणी भांडायला येईल असं वाटलं होतं. कोणी आलं नाही. तोवर बातमी गावात पसरली होती, काकाजींचं डोकं ठीक नव्हतं म्हणे. ज्यांनी सायकलीवर दूध वाहिलं होतं, त्यांना आपण एका भ्रमिष्टाच्या नादी लागलो होतो असं वाटायला लागलं. माणसाला चूक झाल्याचं फारसं वाटत नाही. आपलं हसं झालं, असं वाटलं की मात्र तो पटकन हात झटकतो. महिन्याभरात बाकांवर फक्त पत्ते खेळणारे उरले. नंतर मी बाक काढून तिथे हवा भरण्याचं यंत्र बसवलं. मुलानं पंपाचा सगळा कारभार माझ्याकडे सोपवला. विक्री वाढली. कंपनीच्या अधिकाऱ्यानं माझ्याशी हात मिळवला.

काही वर्षांनी तेलाच्या टँकरचालकांचा संप झाला. दुपारपर्यंत फाट्यापासून गावापर्यंत रांग लागली, बाटल्या, कॅन, ट्रॅक्टर. केळीचे घड कापून बांधावर पडले होते. लोक एकमेकांच्या अंगावर जायला लागले. पंपाच्या टाकीत थोडा साठा होता आणि माझा फोन वाजत होता. तालुक्याच्या मोठ्या माणसांचे आवाज होते ते, नाही म्हणण्यासारखे नव्हते. मी मागच्या फाटकातून त्यांच्या गाड्या आत घेतल्या. मग पुढे येऊन रांगेला सांगितलं, संपलं.

नाना रांगेत होते. ते ओरडले नाहीत. माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "मॅनेजर, काकाजी येडा व्हता असं कोनी सांगं?"

"घरच्यांनीच सांगितलं, नाना," मी म्हणालो.

 नानांनी रांगेकडे वळून विचारलं, जळगावकडे कोण कोण जाणार आहे. जिच्या टाकीत तेल शिल्लक होतं अशी एकच गाडी निघाली, आणि तिच्यात माणसं दाटीवाटीनं बसली. केळी मात्र बांधावर काळी पडली. बैलगाड्यांची चाकं पुन्हा मोडली होती आणि नानांनीही आपली जोडी विकून टाकली होती. तीन अमावस्या आधी सुरुवात केली असती तरी तो माल वाचला असता. त्या अमावस्या मी पुसल्या होत्या.

संप मिटल्यावर मी काकाजींना भेटायला गेलो. मनात ठरवून गेलो होतो, की आज सांगायचं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. ते गॅलरीत बसले होते, धोतराऐवजी पायजमा, हातात काहीच नाही. सून चहा ठेवून गेली आणि जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "काही विचारलं तर नुसतं हो म्हणा."

त्यांनी मला लगेच ओळखलं. नानांची, अक्काची, भरणाऱ्या माणसांची नावं घेऊन चौकशी केली. संपाचं विचारलं. "रांग लागली असेल."

"लागली होती."

"रांगेत शेवटी कोण होतं?"

मला ते ठाऊक नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं.  त्यांनी मला त्यातून सोडवलं, नेहमीसारखं. खाली रस्त्यावरच्या एकट्या मोटारसायकलींकडे पाहू लागले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅनेजरसाहेब, एक विचारू? तुम्ही रोज माझ्याजवळ होता. मला तेव्हापासूनच विसरायला होत होतं का?"

मी कप खाली ठेवला.

"हे सगळे म्हणतात. डॉक्टरही गोळ्या देतात. मला तर सगळं आठवतं. पण ज्याला विसरायला होतं, त्यालाही आपल्याला सगळं आठवतं असंच वाटत असणार ना? मग कळायचं कसं? म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही खोटं सांगणार नाही."

सून दारातच होती. मुलगा आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. मला इतकंच म्हणायचं होतं, नाही काकाजी, मुळीच नाही. दोन शब्द. ते म्हटले असते तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि पंप, माझ्या मुलाचं शिक्षण, अधिकाऱ्यानं मिळवलेला हात, सगळं त्या गॅलरीतून खाली पडलं असतं.

"वय झालं की थोडंफार होतंच, काकाजी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. चेहऱ्यावर दुःख दिसलं असतं तर मला सोसलं असतं. तिथे सुटका दिसली, जणू एक जुना वाद अखेर मिटला. "बरं झालं विचारलं," ते म्हणाले. "आता मी यांच्याशी भांडणार नाही."

खाली उतरून मी बसस्टँडपर्यंत चालत गेलो आणि धुळ्याची बस समोरून निघून जाताना पाहत राहिलो. त्यांच्याकडून पहिल्यांदा जे हिरावलं होतं ते त्यांच्या पाठीमागे. या खेपेला त्यांच्या समोर बसून, त्यांनीच विश्वासानं पुढे केलेलं घेतलं. पुढे कळलं, की त्या दिवसानंतर ते फारसं बोलतच नव्हते. नातवंडांनी काही विचारलं तर म्हणत, "आईला विचार, मला आता लक्षात राहत नाही."

ते गेल्या उन्हाळ्यात गेले. जळगावात एका सभागृहात उठावणा होता, म्हणजे मारवाडी घरांतली शोकबैठक. पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, समोर हार घातलेला फोटो. गावातून पुष्कळ माणसं आली होती. नाना होते, अक्का होती, शाळेतले गुरुजीही होते. नातेवाईक एकेक करून बोलले. शेवटी थोरला मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, बाबूजी फार मोठ्या मनाचे होते. शेवटची काही वर्षं त्यांच्या स्मृतीनं साथ दिली नाही, पंपावर असतानाच ते सुरू झालं होतं, त्या काळात त्यांच्या हातून काही विचित्र गोष्टी झाल्या, गिऱ्हाइकांना, गावाला त्रास झाला असेल, त्याबद्दल मी घराच्या वतीनं हात जोडतो.

त्यानं खरंच हात जोडले, गावच्या माणसांकडे पाहून. गावच्या माणसांनी माना खाली घातल्या. मरून गेलेल्या माणसाच्या सर्वांत शहाण्या कामाबद्दल त्याचा मुलगा माफी मागत होता, आणि समोर बसलेले लोक ती स्वीकारत होते. एवढं झालं की ते कायमचं ठरणार होतं. मी उठलो. उठण्याचं धैर्य मला होतं असं नाही. बसून राहणं शक्य झालं नाही.

"भाऊ, थांबा," मी म्हणालो.  "त्यांना काहीही झालेलं नव्हतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

 मुलाचे हात अजून जोडलेलेच होते.

"गुरुजींना त्यांनी दोनदा विचारलं ते मुद्दाम विचारलं होतं. गुरुजींना माहीत आहे, मला माहीत आहे. अमावस्येला पंप बंद ठेवणं हे त्यांचं पूर्ण विचार करून केलेलं काम होतं. मला माझ्या नोकरीची भीती वाटली, म्हणून मी त्यांना विसरभोळं ठरवलं. संपात ज्यांची केळी गेली त्यांचाही मी गुन्हेगार आहे. नाना, तुम्ही मला विचारलं होतं, कोणी सांगितलं. मी सांगितलं."

गुरुजींनी मान खाली घातली होती. त्यांनी ती हळूच हलवली, हो म्हणून. मुलानं हात खाली घेतले. तो माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होता तिच्याविषयी मी लिहू शकत नाही, आणि लिहिण्याचा मला अधिकारही नाही. मी त्याच्यासमोर वाकलो. तो एक पाऊल मागे सरला. मग मी फोटोकडे वळलो. जिवंतपणी त्यांनी विचारलं होतं तेव्हा जे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत, ते निदान आता सगळ्यांना ऐकू जातील इतक्या मोठ्यानं म्हणायला हवे होते.

"काकाजी, मुळीच नाही. तुम्हाला विसरायला कधीच होत नव्हतं. मला माफ करा."